घरच्या एम्ब्रॉयडरी व्यवसायासाठी कॉम्प्युटर: विंडोज, मॅक की लिनक्स?

घरी एम्ब्रॉयडरी मशीन आली की पाठोपाठ कॉम्प्युटरचा प्रश्न येतो. नागपुरात बहुतेक जणी बर्डीच्या बाजारात जातात, बजेट सांगतात आणि दुकानदार दाखवेल तो लॅपटॉप उचलतात. घरी आल्यावर कळतं की हवं ते सॉफ्टवेअर त्यावर बसत नाही, किंवा बसतं पण मशीनला पेनड्राइव्हमधली फाइलच दिसत नाही. हे टाळायचं असेल तर क्रम उलटा धरा. आधी मशीन, मग फाइल, मग सॉफ्टवेअर, आणि सगळ्यात शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे विंडोज, मॅक किंवा फुकट मिळणारं लिनक्स. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: तुमची मशीन कोणती फाइल वाचते?

मशीनसोबत आलेली पुस्तिका काढा आणि त्यात फाइलचा प्रकार शोधा. ब्रदरच्या घरगुती मशीन पीईएस वाचतात, उषा जॅनोमच्या जेईएफ. बर्निना आणि मेल्कोकडे ईएक्सपी चालते, हस्कवार्ना व्हायकिंग आणि फाफकडे व्हीपी३. डीएसटी मुळात टाजिमा या मशीन कंपनीची, पण आता मोठ्या कारखान्यांपासून घरातल्या एका डोक्याच्या (एका वेळी एकच नग काढणाऱ्या) मशीनपर्यंत ती जवळपास सगळीकडे चालते. दाहाओ कंपनीचं कंट्रोल पॅनल असलेल्या चिनी मशीनही डीएसटीच घेतात.

डीएसटीत रंग साठवलेले नसतात. सुई कुठे जायची, कुठे उडी मारायची आणि कुठे थांबून दोरा बदलायचा, एवढंच त्यात असतं. म्हणून तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मोराची मान लाल आणि पिसारा काळा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. रंगांचा क्रम वेगळा लिहून ठेवा आणि कुणाला फाइल पाठवाल तेव्हा तो कागदही सोबत पाठवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मशीनची फाइल म्हणजे टाक्यांची यादी. तिच्यात फुलाचा आकार नसतो, त्यामुळे डिझाइन बरंच मोठं केलं तर टाके विरळ होतात, लहान केलं तर एकावर एक चढून कापड आखडतं. आकार ज्या मूळ फाइलमध्ये असतो ती सॉफ्टवेअरची स्वतःची असते: विल्कॉममध्ये ईएमबी, इंकस्टिचमध्ये एसव्हीजी (ही दोन्ही डिझाइन बनवायची सॉफ्टवेअर, पुढे येतीलच). वर्षभरात तुमच्याकडे अशा शेकडो मूळ फाइली जमतील आणि त्याच तुम्हाला त्या सॉफ्टवेअरला, म्हणजे पर्यायाने त्या ऑपरेटिंग सिस्टीमला बांधून ठेवतील. म्हणून ही निवड पहिल्याच महिन्यात नीट विचार करून करायची.

दुसरी पायरी: पंचिंग स्वतः करणार का?

चित्रावरून टाक्यांची फाइल बनवणं म्हणजे पंचिंग. हे काम तुम्ही स्वतः करणार की पैसे देऊन करून घेणार, यावर पुढचं जवळपास सगळं ठरतं.

तयार डिझाइन विकत घेऊन तीच ब्लाउजच्या बाह्यांवर काढायची असतील, किंवा पंचिंग बाहेरून करून डीएसटी मागवायची असेल, तर कुठलाही चालता कॉम्प्युटर पुरतो. घरात मुलाचा जुना लॅपटॉप पडलेला असेल तर तोच वापरा आणि वाचलेले पैसे दोरा, बुकरम (कापडामागे लावायचं कडक अस्तर) आणि चांगल्या सुयांत घाला. बाहेरून आलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून आलं तर हातात नुसतं चित्र पडतं, टाके नाही. फाइल उघडून बघायला विल्कॉमचा ट्रूसायझर फुकट आहे.

पण धंदा वाढवायचा असेल तर पंचिंग शिका, असंच मी सांगेन. जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचा लोगो, तान्ह्या पोळ्याला लेकरांच्या कुर्त्यावर नंदी, लग्नसराईत नवरीच्या ओढणीवर दोघांची नावं, अशा ऑर्डर नागपुरात ऐनवेळी येतात आणि गिऱ्हाईक परवाच मागतं. पंचिंगवाल्याच्या रांगेत तुमची फाइल अडकली तर ऑर्डर दुसरीकडे जाते.

तिसरी पायरी: सॉफ्टवेअर ठरवा

पंचिंगच्या सॉफ्टवेअरचं जग मुख्यतः विंडोजचं आहे. विल्कॉमचं एम्ब्रॉयडरी स्टुडिओ, त्याच कंपनीचं घरगुती वापरासाठीचं हॅच, ब्रदरचं पीई-डिझाइन, एम्बर्ड ही सगळी विंडोजसाठी बनलेली आहेत. एम्ब्रिलियन्स विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. इंकस्टिच विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि ते पूर्ण फुकट आहे. इंकस्केप नावाच्या चित्रकामाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ते जोडायचं असतं. त्यातून डीएसटी, पीईएस, जेईएफ, ईएक्सपी, व्हीपी३ अशा सगळ्या मुख्य प्रकारांत फाइल काढता येते आणि कापडावर जाण्याआधी पडद्यावर टाके पडताना बघताही येतात.

नवीन सुरुवात करणाऱ्या प्रत्येकीला मी आधी इंकस्टिचच लावून बघायला सांगते. एकही रुपया न घालता सॅटिन (अरुंद पट्टीचे टाके), भराव (मोठी जागा भरणारे टाके), अंडरले (खालचा आधाराचा थर), ओढ भरून काढणं (टाक्यांनी कापड आखडतं त्याची भरपाई) हे सगळं कळतं. ते कळलं की मग हॅचची चाचणी आवृत्ती घ्या आणि तेच डिझाइन दोन्हीकडे करून बघा. पैसे द्यायचे की नाही हे तेव्हा तुम्हीच ठरवू शकाल. इंकस्टिचमध्ये वेळ जास्त लागतो, हे खरं आहे. रोज नवी डिझाइन करायची असतील तर विकतच्या सॉफ्टवेअरचा वेग परवडतो. आठवड्यातून एखाददुसरं करायचं असेल तर इंकस्टिच कायमचं पुरेसं ठरू शकतं.

आता क्रॅकबद्दल, म्हणजे परवाना मोडून चालवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल. महागडं सॉफ्टवेअर हजार-पाचशेत टाकून देणारे कुठल्याही शहरात भेटतात. घेऊ नका. ते चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि ज्या कॉम्प्युटरवर तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डिझाइन, बिलं आणि बँकेचे व्यवहार आहेत त्याचं दार असं उघडं टाकणं धोक्याचं आहे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस याच वाटेने येतात. शिवाय विंडोजचं अपडेट आलं आणि क्रॅक चालेनासं झालं, की तुमच्या ईएमबी फाइली तुम्हालाच उघडता येत नाहीत, आणि कंपनीकडे मदत मागायची सोय नसते. फुकट हवं असेल तर खरंच फुकट असलेलं वापरा.

चौथी पायरी: आता ऑपरेटिंग सिस्टीम

माझं मत सरळ सांगते. पंचिंग स्वतः करणार असाल, नवा कॉम्प्युटर घेणार असाल आणि पुढे कधीतरी विकतचं सॉफ्टवेअर घ्यायची शक्यता असेल, तर विंडोज ११ घ्या. सॉफ्टवेअरची यादी वर दिलीच आहे. शिवाय अडलं तर शेजारच्या गल्लीतला दुरुस्तीवाला विंडोज ओळखतो, शिकवणीचे व्हिडिओ विंडोजवरचे असतात, आणि पुढे हिशेबाला टॅली घ्यायचं ठरलं तर तेही विंडोजचंच आहे.

घरात आधीपासून विंडोज १० चा लॅपटॉप असेल तर लक्षात घ्या, मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, पण ती नोंदणी करून घ्यावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा लॅपटॉप बसतो का हे मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं पीसी हेल्थ चेक सांगतं. ४ जीबी ही कागदावरची किमान गरज झाली. पंचिंग करताना ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅपही उघडं असतं, म्हणून ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जलद चालणारी डिस्क) याखाली जाऊ नका. महागडं ग्राफिक कार्ड मात्र लागत नाही. दुकानदाराने गेमिंग लॅपटॉप दाखवला तर पुढे चला.

लॅपटॉप विंडोज ११ ला बसत नसेल आणि नवा घ्यायची ऐपत आज नसेल, तर तो भंगारात देऊ नका. तिथे लिनक्स खरोखर कामाचं आहे. त्यातही लिनक्स मिंट घ्या. त्याची मांडणी विंडोजसारखीच, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, त्यामुळे हात लवकर बसतो. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. आणखी एक कारण आहे: उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या ॲप-दुकानातून इंकस्केप घेतलं तर ते स्नॅप पद्धतीने, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या डब्यात, बसतं आणि त्यात इंकस्टिच अडतं. मिंटमध्ये स्नॅप मुळातच बंद असतं. तिथल्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये इंकस्केप शोधलं की सिस्टीम पॅकेजचा पर्याय निवडा, मग इंकस्टिच त्याच्या संकेतस्थळावरून उतरवून बसवा.

मिंट पेनड्राइव्हवरून, काही न बसवता, नुसतं चालवून बघता येतं. वायफाय जोडलं जातं का, पडदा नीट दिसतो का, प्रिंटर ओळखतो का, हे एका दुपारी कळतं. सगळं जमलं तरच लॅपटॉपवर बसवा, आणि त्याआधी घरचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा. वाइन नावाच्या सोयीने विंडोजची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतात, पण त्या भरवशावर विल्कॉम विकत घेऊ नका. ज्या सॉफ्टवेअरला परवान्याचा यूएसबी डोंगल (पेनड्राइव्हसारखी किल्ली) लागतो तिथे वाइन बहुधा हात टेकतं.

मॅक घरात आधीपासून असेल तर एम्ब्रिलियन्स किंवा इंकस्टिच वापरा, काम उत्तम होईल. फक्त एम्ब्रॉयडरीसाठी नवा मॅक घेऊ नका. तेवढ्या पैशात चांगला विंडोज लॅपटॉप घेऊन वर सॉफ्टवेअरलाही हातभार लागतो. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर बूटकॅम्प या ॲपलच्या सोयीने विंडोज बसवता येत नाही. पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घेऊन विंडोज चालतं, पण ते एआरएमचं (मोबाइलसारख्या चिपसाठीचं) विंडोज असतं आणि डोंगलचे ड्रायव्हर (जोडलेलं साधन चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) तिथे अडू शकतात.

क्रोमबुक आणि टॅबलेट पंचिंगसाठी घेऊ नका.

दुकानात काय विचारायचं

लॅपटॉप चालू करून समोर बसा आणि विचारा, "भाऊ, हा एस मोडमधला आहे का?" एस मोडच्या विंडोजमध्ये फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलीच सॉफ्टवेअर बसतात. तो मोड फुकटात काढता येतो, पण परत लावता येत नाही. काढायचा असेल तर दुकानातच काढून घ्या.

मग विचारा, प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा आहे की स्नॅपड्रॅगनचा? स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप हलके असतात, बॅटरी खूप टिकते, पण त्यावरचं विंडोज एआरएमचं असतं. जुनी सॉफ्टवेअर त्यावर बहुधा चालतात, ड्रायव्हरला मात्र वेगळी आवृत्ती लागते. तुमच्या कामाला इंटेल किंवा एएमडीच घ्या.

विंडोज खरं आहे ना, हे सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग ॲक्टिव्हेशन उघडून तिथल्या तिथे बघा. वापरलेला लॅपटॉप घेताना तर हे आधी बघा. जीएसटी क्रमांकासहित पक्कं बिल मागा.

डेस्कटॉप की लॅपटॉप? स्वस्तात ताकद डेस्कटॉपमध्ये मिळते आणि मोठ्या पडद्यावर टाके नीट दिसतात. पण मे-जूनच्या वादळात लाइट जाते तेव्हा तासाभराचं पंचिंग वाया जाऊ शकतं. डेस्कटॉप घ्याल तर यूपीएससहितच घ्या. मी लॅपटॉप घेऊन त्याला मोठा मॉनिटर जोडण्याच्या बाजूने आहे. आणि उन्हाळ्यात खोलीत कूलर लावाल तेव्हा लॅपटॉप आणि मशीन दोन्ही त्याच्या थेट झोताबाहेर ठेवा. कूलरची ओल सुईला, बॉबिन केसला आणि लॅपटॉपच्या आतल्या भागांनाही गंज धरवते.

घरी आणल्यावर

विंडोजमध्ये पहिलं काम: फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, आणि फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा. एरवी पीईएस आणि डीएसटी एकाच नावाच्या दिसतात आणि चुकीची फाइल मशीनवर जाते.

मशीनसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, ८ किंवा १६ जीबीचा. जुन्या मशीनला मोठे पेनड्राइव्ह ओळखता येत नाहीत, आणि नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत विंडोज ३२ जीबीपर्यंतच्याच ड्राइव्हला एफएटी३२ या फॉरमॅटचा पर्याय देतं, जो बहुतेक मशीनला लागतो. मॅकवर हाच प्रकार डिस्क युटिलिटीमध्ये एमएस-डॉस या नावाने मिळतो. मॅक पेनड्राइव्हवर स्वतःच्या लपलेल्या फाइलीही टाकतो. काही मशीनच्या पडद्यावर त्या न उघडणाऱ्या दुहेरी फाइलींसारख्या दिसतात. तिकडे दुर्लक्ष करा. फाइलींची नावं लहान, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. मराठी नाव दिलं तर मशीनवर चौकोन दिसतात किंवा फाइलच दिसत नाही. आणि हा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात कधीही लावू नका. तिथून शॉर्टकट व्हायरस घरी येतो.

नव्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कूटबद्ध, म्हणजे कुलूपबंद, होते. त्याची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठलेली असते. खातं कोणत्या ईमेलवर आहे ते वहीत लिहून ठेवा. दुकानदाराने घाईत स्वतःच्या ईमेलने लॅपटॉप चालू करून दिला असेल तर ते खातं आजच बदलून घ्या, नाहीतर उद्या बिघाड झाला की तुमच्याच फाइलींची किल्ली दुसऱ्याकडे असेल.

मराठी अक्षरांचं काय?

हा भाग इथे मोठा आहे, कारण नावांच्या ऑर्डर मराठीतच येतात. बहुतेक पंचिंग सॉफ्टवेअरमधली तयार टाक्यांची अक्षरं रोमन असतात. संगणकातला देवनागरी फॉन्ट त्यात टाकला तर 'श्री' किंवा 'ज्ञ' तुटून पडतात, वेलांटी भलत्या जागी जाते. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालणारा उपाय म्हणजे अक्षरं इंकस्केपमध्ये लिहिणं. ते जोडाक्षरं बरोबर मांडतं. मुक्ता किंवा बालू हे फुकट मिळणारे युनिकोड फॉन्ट घ्या. बालू जाड आहे, सुईला सोपा जातो. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आत असतोच, भाषेच्या सेटिंग्जमधून मराठी जोडली की मिळतो.

नाव लिहून झालं की मजकुराचं पाथमध्ये, म्हणजे रेषांच्या आकारांत, रूपांतर करा आणि सगळे तुकडे युनियन या आज्ञेने जोडा. ही पायरी सोडू नका. देवनागरी अक्षरं शिरोरेखेवर एकमेकांवर किंचित चढलेली असतात. तशीच ठेवली तर प्रत्येक सांध्यावर टाके दुहेरी पडतात, गाठी येतात, दोरा तुटतो. लहान नावांसाठी मी याहून वेगळं करते: अक्षरांचे देह आधी, डावीकडून उजवीकडे, आणि शिरोरेखा शेवटी एकच लांब सॅटिनची पट्टी म्हणून. वरचे सगळे सांधे तिच्याखाली झाकले जातात. अनुस्वाराचं टिंब फॉन्टमध्ये असतं त्यापेक्षा मोठं करा, नाहीतर टर्किश टॉवेलच्या केसात ते हरवतं. अक्षराची उंची सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका. उकार आणि ऋकार भरून जातात.

शाळा किंवा मंडळाचा लोगो डीटीपीवाल्याकडून येतो, तो कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये आणि अनेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतो. ते फॉन्ट तुमच्याकडे नसले की तुमच्या पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात. त्याला फोन करून सांगा, "दादा, मजकूर कर्व्ह करून पीडीएफ पाठवा." कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे आकार झालेली, पीडीएफ इंकस्केपमध्ये कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर नीट उघडते.

पहिल्या आठवड्यात करायची चाचणी

एक साधं डिझाइन घ्या: तुमचं नाव, एक भरीव गोल, एक सॅटिनची पट्टी. ते कॉम्प्युटरवर बनवा, पेनड्राइव्हवर टाका आणि गिऱ्हाईक आणतं त्याच कापडावर, तेच बुकरम लावून काढा. गोल लंबगोल झाला तर ऑपरेटिंग सिस्टीमचा दोष नाही. कापडाची ओढ भरून काढण्याचं सेटिंग वाढवा. मशीनने फाइलच ओळखली नाही तर प्रकार, पेनड्राइव्हचं फॉरमॅट आणि फाइलचं नाव या क्रमाने तपासा. डिझाइन फ्रेमच्या मापापेक्षा मिलिमीटरभर मोठं असलं तरी काही मशीन ते दाखवतच नाहीत, तेही बघा.

मूळ फाइल आणि मशीनची फाइल एकाच फोल्डरमध्ये, गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख घालून ठेवा. त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर दर रविवारी, दुसरी गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर. लग्नसराईच्या किंवा नवरात्राच्या गर्दीआधी विंडोज अपडेट पूर्ण करून घ्या आणि मग सेटिंग्जमधून पुढची अपडेट थांबवा. विंडोज ११ मध्ये ती पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. ऑर्डरी संपल्या की लगेच पुन्हा चालू करा.